डाव्या हातावरचे केस

९ जानेवारी

सर्जननी आज हात तपासला. मनगटाच्या दोन्ही बाजूंनी अंगठे दाबून धरले, मूठ मिटायला-उघडायला लावली. तळवा पांढराफटक पडल्यावर एक अंगठा सोडला आणि रंग परत येतो का ते बघत राहिले. रंग आला. "काम कुठल्या हातानं करता?" उजव्या, म्हणालो. "मग डावा घेऊ," म्हणाले. दुकानात शर्ट निवडावा तसं.

पुढचं मला पाठ आहे. डाव्या हाताची मनगटापासून कोपराच्या अलीकडपर्यंतची कातडी काढायची, तिची गुंडाळी करून लिंग घडवायचं, आतली लघवीची नळीही तिचीच. हाताच्या उघड्या जागेवर मांडीच्या कातडीचा पातळ पापुद्रा लावायचा. या दिवसाची इतकी वर्षं वाट बघितली, आणि तो आला तर मला काही वाटलंच नाही. खुर्चीत बसून मी त्यांच्या टेबलावरचं कॅलेंडर वाचत होतो.

नवीन निघालं ते केसांचं. "हातावर बरेच आहेत," डॉक्टर म्हणाले. "नळी आतल्या बाजूनं होणार, म्हणजे हे केस आत जाणार. आत वाढले की त्यांच्यावर खडे धरतात, जंतुसंसर्ग होतो, आणि तिथून ते काढणं फार कटकटीचं. आधीच मुळापासून घालवा. एका बैठकीत होत नाही, केस पाळीपाळीनं उगवतात. वर्षभर धरून चाला." नळीसाठी हाताऐवजी मांडीची कातडी घेता येते का, विचारलं. येते, पण तुमची जाड आहे, नळी नीट वळणार नाही. केस घालवायचे की नाही ते ठरवून कळवा.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हे केस यावेत म्हणून मी इंजेक्शनं घेतली होती.

११ जानेवारी

लॅबमध्ये दिवसभर वरच्या जबड्याच्या कवळ्या. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे ठसे येतात, आम्ही त्यात प्लास्टर ओतून साचे करतो, मेणाच्या हिरड्या लावतो, हिरड्यांत दात बसवतो. मेणाची सुरी उजव्या हातात. ती स्पिरिटच्या दिव्यावर सारखी तापवावी लागते, त्यामुळे उजव्या हातावरचे केस कायम जळून आखूड झालेले. डावा हात नुसता साचा धरतो. त्याला काही होत नाही. त्याच्यावर रान माजलंय आणि त्या रानावर प्लास्टरची धूळ बसते.

कवळ्या घासून चमकवणारा जो आहे, त्याला आम्ही चकाकी म्हणतो. तो म्हणाला, "तुझा डावा हात तुझ्याहून म्हातारा दिसतो रे." मी म्हणालो, म्हातारपणी सगळ्यांना आपल्याकडेच यायचंय. तो हसला. मीही हसलो असणार.

पहिल्यांदा केस आले तेव्हा मी रोज खिडकीशी उजेडात हात धरून बघायचो. खूप आनंद झाला होता. झाला होता एवढं माहीत आहे.

१५ जानेवारी

बाबांचं लिहून ठेवतो, कारण ठरवताना ते मध्ये येणार.

मी मुलगा आहे असं घरात सांगितलं, त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलले नाहीत. भांडले नाहीत, हाकललं नाही, नुसतं बोलणं थांबलं. मी वेगळी खोली घेऊन राहिलो. मग त्यांना विसर पडायला लागला. गॅस, किल्ल्या, घराचा पत्ता. आईला एकटीला झेपेना, म्हणून मी परत आलो. तोवर ते आपण माझ्याशी बोलत नाही हेही विसरले होते.

संध्याकाळ झाली की ते अस्वस्थ होतात. दार कुठंय, चपला कुठायत, मला घरी जायचंय. एकदा मी पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसलो होतो, उजव्या हातात त्यांच्या औषधाचा चमचा, डावा हात पलंगाच्या कडेला. त्यांनी तो डावा हात धरला. केसांवरून वर-खाली बोटं फिरवली. आणि म्हणाले, "अण्णा, कधी आलास?"

अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. मी चालायला लागायच्या आधीच गेले. फोटोत अर्ध्या बाह्यांच्या शर्टात उभे आहेत, हात अस्वलासारखे. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी अण्णा असतो. बाबा हात धरतात, शांत होतात, झोप लागते. उजवा हात देऊन बघितला आहे. तो बाजूला सारतात आणि डाव्याकडे येतात.

२४ जानेवारी

आईला केसांचं सांगितलं. ऑपरेशनचं तिला माहीत आहे, त्यावर ती काही बोलत नाही. माझ्याशी बोलताना ती वाक्यंच अशी निवडते की मी मुलगा की मुलगी हे त्यात यायला नको. जेवण झालं? निघायचं? उशीर होणार का? एवढ्या वर्षांत एकदाही घसरली नाही.

"म्हणजे हातावरचे केस नकोत?" तिनं विचारलं.

"नकोत."

ती भाजी निवडत होती. थोडा वेळ निवडत राहिली. "मग आणले कशाला?"

प्रश्न चोख होता.

४ फेब्रुवारी

ठरवलं असं काही झालं नाही. दवाखान्यातून फोन आला, केस काढायला मंगळवार चालेल का, मी म्हणालो चालेल. असंच ठरलं.

सुईनं केस काढणाऱ्या बाई माझ्या आईच्या वयाच्या आहेत, डोळ्याला भिंगाचा चष्मा, बोलायला फटकळ. एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालतात, विजेचा झटका देतात, मग चिमट्यानं केस अलगद उचलतात. मी मनात त्यांचं नाव सुईबाई ठेवलं. मनगटाजवळचा बोटभर तुकडा झाला. दुखतं, मुंगी डसल्यासारखं, पण मुंग्या संपतच नाहीत.

"नियम एकच," त्या म्हणाल्या. "मधल्या काळात कात्रीनं कापा, वस्तरा फिरवा, काहीही करा. पण ओढून, उपटून काढायचे नाहीत. केस मुळात असला तरच मला मूळ सापडतं. समजलं का?"

समजलं.

संध्याकाळी बाबांची बोटं मनगटापाशी आली, त्या तुकड्यावर थांबली, आणि वर सरकली. वर भरपूर आहेत.

१ मार्च

दुसरी, तिसरी बैठक झाली. मनगटापासून चार बोटं जागा मोकळी. बाबा आता कोपराजवळ धरतात. चकाकीला हाताची लाली दिसली, त्याला सांगितलं, आम्लाचे थेंब उडाले. त्यानं मलम आणून दिलं. तेही लावलं.

आईनं विचारलं, बाबांचं पुढं काय? म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघूच.

१६ मार्च

सुट्टी. सकाळी स्वयंपाकघरातून साखर जळल्याचा वास आला. आई गॅसवर साखर आणि लिंबू आटवत होती. शेजारी जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडून ठेवलेल्या. मी शाळेत असताना कुठल्याही लग्नाच्या आदल्या दिवशी ती हेच करायची. मी पळायचो, ती पकडून बसवायची.

"एवढ्याशा कामाला वर्षभर कशाला?" ती म्हणाली. "इथं बसायचं. अर्ध्या तासात होतं."

सुईबाईंनी काय बजावलंय ते मला माहीत होतं. तोंडाशी आलंही होतं. पण तिनं माझा हात घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवला होता. ती मला हात लावत नाही. म्हणजे ठरवून नाही, पण लावत नाही. ताट देताना ताट ओट्यावर ठेवते, मी उचलतो. आज तिचा अंगठा माझ्या मनगटावर होता, गरम पाक पसरण्याआधी ती फुंकर घालत होती. मी बाही आणखी वर सरकवली.

पट्टी लावायची, दाबायची, ओढायची. ती प्रत्येक वेळी "झालं, झालं" म्हणत होती. मनगटापासून कोपरापर्यंत एक केस राहिला नाही. शेवटी तिनं ओल्या फडक्यानं हात पुसला, उजेडात धरला आणि म्हणाली, "बघ. होता तसा झाला."

मी बघितला. मग पातेलं घासून ठेवलं, कारण पाक वाळला की निघत नाही.

१८ मार्च

सुईबाईंनी हात बघितला आणि चष्मा काढून ठेवला. "उपटलेत."

"हो."

"मी काय सांगितलं होतं? आता सुई कुठं घालू, तुमच्या डोक्यात? मुळं रिकामी आहेत. सगळे परत उगवेपर्यंत थांबावं लागणार." मग जरा नरमल्या. "कुणी केलं?" आईनं, म्हणालो. त्यांनी चष्मा परत घातला. पुढची वेळ मेच्या सुरुवातीची लिहून दिली.

आईला सांगितलं की फुकट गेलं, उलट लांबलं. तिचा चेहरा उतरला. "मी काय मुद्दाम केलं? केसानं गळा कापल्यासारखं बघू नको." मी तसं बघत नव्हतो. मी घड्याळाकडे बघत होतो, बाबांची वेळ झाली होती.

बाबांनी हात धरला. बोटं मनगटापासून निघाली ती कोपरापर्यंत घसरत गेली. परत खाली आली. परत वर. मग त्यांनी हात सोडला आणि रुमालाला हात पुसावा तसा चादरीला पुसला. "हा कुणाचा हात?" म्हणाले. "अण्णाला बोलवा."

"मीच आहे," मी म्हणालो.

"तुम्ही कोण?"

२१ मार्च

लॅबमधून आलो तर दार सताड उघडं आणि आई रस्त्यावर, पायात काही नाही. बाबा चौकापलीकडच्या टायरच्या दुकानात सापडले. टायरांच्या ढिगावर बसले होते, दुकानदारानं पाणी दिलं होतं. रस्ता ओलांडून तिथवर कसे गेले कुणाला माहीत नाही. दुकानदार म्हणाला, कुणीतरी अण्णा येणार आहे, त्याच्यासाठी बसलेत.

घरी आणताना ते माझ्याबरोबर यायला तयार नव्हते. आईनं एका बाजूनं धरलं, दुकानदारानं दुसऱ्या. मी मागून त्यांच्या चपला घेऊन आलो.

दाराला वर कडी बसवली. आई पाणी प्यायली आणि तिथंच जमिनीवर बसून राहिली. मला रडू यायला हवं होतं. मी कडीचे उरलेले स्क्रू डबीत भरले.

९ एप्रिल

रोज तेच. संध्याकाळी दार हलवतात. लांब बाह्यांचा शर्ट घालून बघितला, बाही वर सारतात. डॉक्टरांनी शांत राहायची गोळी दिली, तर दिवसभर झोपतात आणि लघवीचं भान राहत नाही. गोळी बंद केली.

कवळी उलटी बसवून दिली आज एक. खालच्या जबड्याचे दात वर. मालक ओरडले नाहीत, उलट घरी जा म्हणाले. गेलो नाही.

३० एप्रिल

केस आले. आधी खुंट, मग मऊ, आता बऱ्यापैकी. मनगटाजवळच्या चार बोटं जागेत तेवढे विरळच आले.

आज बाबांनी हात धरला, बोटं केसांत घातली, आणि एक मोठा श्वास सोडला. "कुठं होतास इतके दिवस?" म्हणाले. मी म्हणालो, कामात होतो. त्यांना ताबडतोब झोप लागली. मी खूप वेळ उठलो नाही. पाय बधिर झाला तरी.

५ मे

सुईबाईंना फोन करून सांगितलं, सध्या नको. लॅबमध्ये काम वाढलंय. तसं ते खरंही आहे, चकाकी रजेवर आहे. त्या म्हणाल्या, तुम्ही मालक तुमच्या हाताचे, पण मध्येच सोडलं तर केलेलं वाया जाईल. बघतो म्हणालो.

हलकं वाटेल असं वाटलं होतं. जड नाही, हलकं नाही.

२६ मे

सर्जनच्या दवाखान्यातून फोन. केसांचं कुठवर आलं? म्हटलं थांबवलंय. तिकडची मुलगी म्हणाली, मग तुमची जागा पुढच्या माणसाला देऊ का? मी म्हणालो, तीन-चार आठवडे द्या.

आई दारात उभी होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "का थांबवलं?"

"काम आहे."

"मला कारणं सांगायची गरज नाही. टायरवाल्यापर्यंत मी अनवाणी पळाले आहे." ती येऊन समोर बसली. "त्या दिवशी मी पाक केला ना, मदत म्हणून नव्हता केला. म्हणजे मदत म्हणूनच केला, पण मला वाटलं, हात तेवढा परत पूर्वीसारखा होईल. एक दिवस. मला तो एकदा बघायचा होता." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "बघितला. काही नव्हतं त्यात. कुणाचा तरी हात."

मला राग यायला हवा होता, किंवा वाईट वाटायला. मी विचारलं, चहा टाकू? टाक, म्हणाली.

६ जून

काहीच करवत नाही. सुटी असली की भिंतीकडे तोंड करून पडतो. अंघोळ करताना खाली बघत नाही, हे लहानपणापासूनचं आहे, त्याचं काही नाही. पण आता हाताकडेही बघत नाही. एकाच अंगात दोन माणसांचं सामान भरलंय आणि माझं कुठलं ते मी विसरलो आहे.

चकाकीनं विचारलं, बरं नाही का? म्हटलं, आहे की. तो म्हणाला, दुखणं लपवून दात काढतोस, आपल्या धंद्यात तरी असं करू नये. मी दात काढले.

१४ जून

हे आजच लिहायला हवं, नाहीतर उद्या मला खरं वाटणार नाही.

संध्याकाळी नेहमीसारखा खुर्चीत बसलो होतो. बाबांनी हात धरलेला. आई धुतलेले कपडे घडी करत पलंगाच्या पायथ्याशी. बाबा म्हणाले, "अण्णा, आज राहतोस ना?" आणि आई घडी करता करता म्हणाली, "अण्णा नाहीत ते. आपला मुलगा आहे."

मुलगा. मी तिच्याकडे बघितलं. ती उशीचा अभ्रा झटकत होती.

बाबा लहान पोराच्या थापेला हसावं तसे हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस अण्णा? आम्हाला मुलगा आहे म्हणे."

"आहे," आई म्हणाली.

"कधी झाला?"

"झाला होता केव्हाच. मलाच उशिरा कळलं."

बाबांना ते पटलेलं दिसलं. जरा वेळानं हात हलवून मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो.

"मग मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं."

"मी काय म्हणालो?"

आईचे हात थांबले. मी म्हणालो, "काही नाही. काहीच बोलला नाहीस."

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घातल्या. "कामात असेन," म्हणाले.

"असाल," आई म्हणाली.

"करतो काय तो?"

"कवळ्या बनवतो. हात चांगला आहे त्याचा. लोक नाव काढतात."

"तब्येत बरी आहे ना?"

मला वाटलं आता संपलं. मग आईनं अभ्रा मांडीवर ठेवला आणि नीट त्यांच्याकडे तोंड करून बोलली. "नाही. जन्मापासूनचं दुखणं आहे. ऑपरेशन करायचंय. तो लांबवतोय."

"का?"

"तुमच्यासाठी. तुम्हाला संध्याकाळी कोण बघणार म्हणून."

बाबा चिडले. आधीचे बाबा चिडायचे तसे, नाकपुड्या फुगवून. "मला काय धाड भरलीय? दुखणं अंगावर काढू नये म्हणावं त्याला. सांग, माझं नाव सांगून सांग. ताबडतोब करून टाक म्हणावं." मग त्यांनी माझा हात घट्ट धरला, केसांवरून बोटं फिरवली, आणि तिला समजावल्यासारखं म्हणाले, "माझ्यासाठी कशाला थांबतो तो? माझ्याजवळ अण्णा आहे."

मी रडलो. तिथंच, हात त्यांच्या हातात असताना, आवाज करून. किती महिन्यांनी ते आठवत नाही. बाबांनी विचारलं, याला काय झालं? आई म्हणाली, काही नाही, पुतण्यावर जीव आहे त्यांचा.

१५ जून

आईनं सकाळी खुर्ची उचलून स्वतःच्या बाजूला ठेवली. "संध्याकाळचं मी बघते. दार हलवतील, हलवू दे. वर कडी आहे, खाली मी आहे. रोज विचारतील मुलगा कधी झाला, रोज सांगीन." मग म्हणाली, "तू फोन कर."

दहा वाजता सुईबाईंना फोन केला. ठरलं का, विचारलं त्यांनी. ठरलं, म्हणालो. उपटले नाहीत ना? नाही, सगळे आहेत. मंगळवार सकाळची वेळ मिळाली.